मेल सर्व्हरही नवा, डोमेनही नवं, पण एकाच रात्री नको

२०२५ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत आपलं डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यातलं बँकेचं नाव, 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायचं आणि नोंदणी फक्त आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच स्थापलेल्या संस्थेकडे करायची. मोठ्या बँकांत अशा कामाला अख्खी टीम असते. नागरी सहकारी बँकेत ते एकाच माणसाच्या गळ्यात पडतं, आणि तो माणूस पुष्कळदा माझ्यासारखा बाहेरून येणारा असतो. मी ज्या बँकेचं काम केलं तिथे ४६ मेलबॉक्स होते. मेल सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर होता, म्हणजे ३० जून २०२४ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला. चेअरमनसाहेब म्हणाले, "हात घालताच आहात तर सर्व्हरही बदलून टाका, एका दगडात दोन पक्षी."

मी म्हटलं, पक्षी दोन आहेत, दगडही दोन लागतील. सोमवारी सकाळी शाखेतून "मेल येत नाही" असा फोन येतो तेव्हा कारण नव्या डोव्हकॉटच्या (लोकांना त्यांची मेल वाचू देणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये, म्हणजे मांडणीच्या फाइलमध्ये, असू शकतं, डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी इंटरनेटची सूची) असू शकतं, जीमेलचा नव्या डोमेनवर विश्वास बसलेला नसू शकतो, किंवा समोरच्याने युजरनेम चुकीचं टाकलेलं असू शकतं. दोन्ही बदल एका रात्रीत केले तर हे चौघंही एकदम संशयित होतात. म्हणून आधी सर्व्हर बदलायचा आणि डोमेन जुनंच ठेवायचं. दोन-तीन आठवडे शांततेत गेले की मग डोमेनला हात लावायचा. पुढचं सगळं पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट धरून लिहिलं आहे. तुमच्याकडे दुसरं काही असेल तरी क्रम हाच राहील.

आधी शिरगणती

मेलबॉक्सची यादी डेटाबेसमधून निघते, ते सोपं आहे. अवघड असतं ते यादीत नसलेलं. जुन्या सर्व्हरचा गेल्या तीस दिवसांचा मेल लॉग, म्हणजे मेलची ये-जा नोंदवणारी फाइल, घ्या आणि त्यातून दोन याद्या काढा. पहिली, पासवर्ड देऊन कोणकोण मेल पाठवतं. दुसरी, पासवर्डशिवाय, केवळ ऑफिसच्या नेटवर्कमधला आयपी (यंत्राचा आकडी पत्ता) आहे म्हणून कोणाची मेल स्वीकारली जाते. दुसऱ्या यादीत तुम्हाला झेरॉक्स-स्कॅनरचं यंत्र भेटेल, सीसीटीव्हीचा डीव्हीआर भेटेल, यूपीएस भेटेल, आणि चार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली, रोज रात्री बॅकअपचा अहवाल पाठवणारी एक स्क्रिप्टही भेटेल. यांच्याबद्दल ऑफिसात विचारून उपयोग नाही, कोणालाच माहीत नसतं. लॉग मात्र खोटं बोलत नाही.

याच यादीत टोपणपत्ते (दुसऱ्या मेलबॉक्सकडे वळणारे पत्ते), ग्रुपचे पत्ते, परस्पर जीमेलवर फॉरवर्ड होणारी खाती आणि सीव्हच्या, म्हणजे आलेली मेल आपोआप लावणाऱ्या नियमांच्या, फिल्टर फाइली लिहा. कोण आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचणं) वापरतं आणि कोण अजून पॉप३ वर (मेल आपल्या यंत्रावर उतरवून घेणं) आहे तेही लिहा. हा शेवटचा रकाना पुढे कामाला येणार आहे.

नवं घर शेजारी बांधा

चालू सर्व्हरवरच अपग्रेड करण्याच्या फंदात पडू नका. सेंटओएस ७ वरून डेबियन १३ या नव्या लिनक्सवर सरळ रस्ता नाहीच, पण असता तरी मी गेलो नसतो. वेगळं यंत्र किंवा वेगळा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या म्हणजे काही बिनसलं तर जुना सर्व्हर जागेवर असतो.

व्हीपीएस घेताना दोन गोष्टी पैसे भरण्याआधी तपासा. बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, उघडा आहे का? अनेक क्लाउड कंपन्या तो मुळातच बंद ठेवतात. आणि मिळालेला आयपी स्पॅमहाऊस या संस्थेच्या काळ्या यादीत नाही ना? आधीच्या भाडेकरूचं पाप आपल्या माथी यायला नको. आयपीचं उलटं नाव, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, डोमेन जिथून घेतलं तिथे लावता येत नाही. ते आयपी ज्याचा आहे तो लावतो, तेव्हा त्याला आधीच कळवून ठेवा.

डेबियन १३ मध्ये डोव्हकॉट २.४ येतो. जुनी कॉन्फिग फाइल उचलून इथे ठेवली तर तो सुरूच होत नाही. सुरुवातीलाच कॉन्फिगची आणि साठवणुकीची आवृत्ती सांगणाऱ्या दोन ओळी सक्तीच्या झाल्या आहेत. 'मेल लोकेशन' ही एकच ओळ जाऊन 'मेल ड्रायव्हर' आणि 'मेल पाथ' अशा वेगळ्या ओळी आल्या आहेत. टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर असे जुने संक्षेप गेले, आता महिरपी कंसात पूर्ण शब्द लिहायचा. सर्टिफिकेटच्या ओळींची नावं बदलली, आणि डेटाबेसच्या जोडणीची वेगळी फाइल आता मुख्य कॉन्फिगमध्येच घ्यावी लागते. म्हणून माझा सल्ला असा, की जुनी फाइल दुरुस्त करत बसू नका. जुन्या सर्व्हरवर 'डोव्हकॉन्फ' कमांडला एन जोडून चालवा. मूळ मूल्यांपेक्षा तुम्ही काय वेगळं ठेवलं आहे तेवढंच ती छापते. हा कागद बाजूला ठेवा आणि नवी फाइल कोऱ्या पानावरून लिहा. आमच्याकडे तीनशे ओळींच्या फाइलमध्ये कामाच्या ओळी चाळीसच निघाल्या.

पासवर्ड एमडी५ सारख्या जुन्या पद्धतीने साठवलेले असतील तर २.४ ते मुळातूनच नाकारतो. परवानगी देणारी एक ओळ आहे. ती तात्पुरती लावा, पण महिन्याभरात सगळ्यांचे पासवर्ड बदलून घ्या.

पोस्टफिक्स त्या मानाने गरीब गाय आहे, जुनी 'मेन डॉट सीएफ' ही कॉन्फिग फाइल बरीचशी चालते. फक्त 'कम्पॅटिबिलिटी लेव्हल'ची ओळ नसेल तर तो जुन्या सवयींनी वागतो आणि लॉगमध्ये कुरकुर करतो. ती कुरकुर वाचा, एकेक मुद्दा निकालात काढा आणि मग ती ओळ लावा.

मेल हलवणं

हा भाग घाईने वाचू नका. इथे झालेली चूक परत घेता येत नाही.

दोन वाटा आहेत. इमॅपसिंक एका सर्व्हरवर लॉगिन करून मेल वाचतो आणि दुसऱ्यावर लिहितो. दोन्हीकडची सॉफ्टवेअर अगदी वेगळी असतील तर तोच बरा. सगळ्यांचे पासवर्ड गोळा करत फिरू नका, डोव्हकॉटमध्ये मास्टर युजरची, म्हणजे एकाच पासवर्डने सगळे मेलबॉक्स उघडण्याची, सोय आहे. पण यात प्रत्येक मेलला नवा अंतर्गत क्रमांक मिळतो. आउटलुक आणि फोन त्या क्रमांकावरूनच मेल ओळखतात, म्हणून ते सगळं पुन्हा उतरवून घेतात. पॉप३ वाल्यांचे हाल त्याहून वाईट. पूर्वी एका ठिकाणी मी हा घोळ घातला होता. सकाळी साडेदहाला हिशेब विभागातून फोन आला, "साहेब, अकरा हजार मेल नव्याने येतायत हो, कालच्या कुठल्या तेच कळेना." त्या बाई पॉप३ वर होत्या आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा'वर टिक होती. त्यांच्या इनबॉक्सची सफाई करण्यात दोन दिवस गेले.

दोन्हीकडे डोव्हकॉट असेल आणि मेल मेलडिर पद्धतीने साठवलेल्या असतील तर दुसरी वाट धरा, आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने सरळ फाइली न्या. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल असते. प्रत्येक फोल्डरमध्ये 'डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट' नावाची फाइल असते आणि अंतर्गत क्रमांक तिच्यात असतात. ती सोबत गेली की आउटलुकला बदल कळतही नाही. टॅगांसाठी 'डोव्हकॉट-कीवर्ड्स' ही फाइलही न्या. 'डोव्हकॉट डॉट इंडेक्स'ने सुरू होणाऱ्या फाइली गाळल्या तरी चालतं, नवा सर्व्हर त्या पुन्हा बांधतो. मात्र साठवण डोव्हकॉटच्या एमडीबॉक्स किंवा एसडीबॉक्स पद्धतीची असेल तर हा नियम उलटा होतो. तिथे इंडेक्समध्येच महत्त्वाची माहिती असते, एकही फाइल गाळू नका.

आरसिंक दोनदा चालवायचा. पहिली फेरी आठवडाभर आधी, सर्व्हर चालू असताना. हिला वेळ लागतो पण कोणाला त्रास नाही. दुसरी फेरी बदलाच्या रात्री, जुना सर्व्हर थांबवून. खरी खाच या दोन फेऱ्यांमध्ये आहे. मेलडिरमध्ये मेल वाचली की फाइलचं नाव बदलतं, शेवटी 'एस' हे अक्षर लागतं. पहिल्या फेरीत न वाचलेली म्हणून गेलेली मेल आठवडाभरात वाचली गेली, तर दुसऱ्या फेरीत ती नव्या नावाने पुन्हा जाते. नव्या सर्व्हरवर तिच्या दोन प्रती होतात, एक वाचलेली आणि एक न वाचलेली. म्हणून दुसऱ्या फेरीला 'डिलीट'चा पर्याय लावावाच लागतो, म्हणजे जुन्याकडे नसलेली फाइल नव्याकडूनही जाते.

आता उलटा विचार करा. दुसऱ्या फेरीआधीच नव्या सर्व्हरवर बाहेरची मेल येऊ लागली असेल, तर ती जुन्या सर्व्हरवर नाही. आरसिंक तिला निमूटपणे पुसून टाकेल, चूक झाली असं सांगणारही नाही. तेव्हा शेवटची फेरी पूर्ण होईपर्यंत नव्या सर्व्हरचा पोर्ट २५ बाहेरच्यांना बंद. यात तडजोड नाही. त्याआधी 'ड्राय रन' (काहीही न बदलता नुसती तालीम) करून काय पुसलं जाणार ती यादी डोळ्यांखालून घाला. यादीत हजारो नावं दिसली तर बहुधा कमांडमधल्या फोल्डरच्या पाथच्या शेवटची तिरकी रेघ राहिली आहे किंवा जास्तीची पडली आहे.

आणि फाइलींचा मालक. जुन्याकडे मेलचा युजर पाच हजार क्रमांकाचा आणि नव्याकडे एक हजार एक क्रमांकाचा असेल तर मेल सगळ्या पोहोचतील, पण कोणालाच दिसणार नाहीत. नव्याकडे तोच क्रमांक देऊन युजर बनवा, पुढची डोकेदुखी वाचते.

बदलाची रात्र

आम्ही दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्रीचा मुहूर्त धरला. त्या शनिवारी बँका बंद, म्हणजे हातात सव्वादोन दिवस.

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ८६४०० सेकंदांवरून ३०० वर आणा. आयत्या वेळी कमी करून फायदा नसतो, कारण जगाने जुना टीटीएल आधीच लक्षात ठेवलेला असतो. एसपीएफ रेकॉर्डमध्ये (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) नवा आयपीही आत्ताच जोडा. डीकिमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, किल्ली नव्या सर्व्हरवर नवी बनवा आणि वेगळ्या सिलेक्टरने (किल्लीच्या नावाने) डीएनएसमध्ये प्रसिद्ध करा, जुनी आठवडाभर राहू द्या. २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांहून लांब होते. काही डीएनएस पॅनेल ती मध्येच कापतात, तेव्हा लावल्यावर 'डिग' कमांडने परत वाचून पाहा.

रात्री आधी जुना पोस्टफिक्स बाहेरच्यांसाठी बंद करा, मग डोव्हकॉट. या काळात येणाऱ्या मेलची काळजी नको. पाठवणारा सर्व्हर ती आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स मुळात पाच दिवस करतो. जुन्या सर्व्हरच्या रांगेत काही अडकलं असेल तर ते बाहेर निघून जाऊ द्या. मग आरसिंकची शेवटची फेरी. मग सर्व्हरच्या नावाचा ए रेकॉर्ड (नावामागचा आयपी सांगणारी नोंद) नव्या आयपीवर वळवा. एमएक्स, म्हणजे डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारा रेकॉर्ड, त्या नावाकडे बोट दाखवतो, त्याला हात लावायची गरजच पडत नाही.

नवा पोस्टफिक्स सुरू करताना 'सॉफ्ट बाउन्स' चालू ठेवा. ही माझी सर्वांत आवडती ओळ. एखादा मेलबॉक्स यादीतून सुटला असेल तर पोस्टफिक्स एरवी ५५० म्हणून कायमचा नकार देईल आणि ग्राहकाला 'असा पत्ता नाही' असं उत्तर जाईल. सॉफ्ट बाउन्स असताना तो ४५० म्हणतो, म्हणजे थोड्या वेळाने या. लॉगमध्ये ४५० शोधा, सुटलेला पत्ता जोडा, पुढच्या प्रयत्नात मेल आपोआप आत येते. आमचे तीन पत्ते असे सापडले. दोन दिवसांनी ती ओळ आठवणीने काढा, नाहीतर स्पॅमवालेही पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतात.

जुना सर्व्हर मालवू नका. त्याच्या पोस्टफिक्सला सांगा की आलेलं सगळं नव्याकडे ढकल. टीटीएल न पाळणारे काही सर्व्हर तिथेच येत राहतात. नव्या सर्व्हरवर जुन्याचा आयपी विश्वासू यादीत घाला, नाहीतर ढकललेली प्रत्येक मेल एसपीएफमध्ये नापास होऊन स्पॅममध्ये जाईल.

सोमवारी सगळं ठीक होतं, एक स्कॅनर सोडून. त्या यंत्राला टीएलएस १.० या जुन्या एन्क्रिप्शनपलीकडचं काही येत नव्हतं आणि डेबियन १३ त्याच्याशी बोलायलाच तयार नाही. अख्ख्या सर्व्हरची सुरक्षा एका यंत्रासाठी खाली आणू नका. शाखेतल्याच एका छोट्या पीसीवर आतल्या नेटवर्कपुरता पोस्टफिक्स बसवला. स्कॅनर त्याला देतो आणि तो पुढे नीट टीएलएसने पाठवतो.

आता डोमेन

तीन आठवडे गेले, फोन थांबले. आता नवं डोमेन घ्या आणि सुरुवातीला ते फक्त येणाऱ्या मेलसाठी जोडा. एमएक्स त्याच सर्व्हरकडे, आणि नव्या पत्त्यावर आलेली मेल जुन्याच मेलबॉक्समध्ये. कोणालाही काही बदलावं लागत नाही आणि तुम्हाला चाचणी घेता येते. सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरची जुनी आणि नवी अशी दोन्ही नावं घाला. त्यामुळे ज्याच्या फोनमध्ये जुनं नाव आहे त्याचा फोनही चालू राहतो.

नव्या डोमेनचं एसपीएफ लिहिताना बँकेच्या नावाने मेल पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवा विसरू नका: खातेउतारे पाठवणारी कंपनी, कोअर बँकिंगचा पुरवठादार. त्यांच्याकडून नव्या डोमेनसाठी डीकिमही मागून घ्या. एसपीएफमध्ये दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा झाल्या तर अख्खा रेकॉर्ड बाद ठरतो, त्यामुळे जुन्यातलं सगळं चिकटवण्याआधी मोजा. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम, 'नन'वर (काहीच करू नका) सुरू करा आणि अहवाल येतील असा पत्ता द्या. अहवालांत महिनाभर अनोळखी आयपी दिसले नाहीत की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'. पीटीआर मात्र तसाच ठेवा. त्याचं नातं सर्व्हरच्या नावाशी असतं, मेलच्या पत्त्यातल्या डोमेनशी नाही. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो.

नव्या डोमेनला बाजारात पत नसते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. तीनही असले तरी काल जन्मलेल्या डोमेनवरून आज वीस हजार मेल निघाल्या तर संशय येणारच. म्हणून "आमचा पत्ता बदलला" ही घोषणा नव्या पत्त्यावरून करू नका. ती जुन्या, ओळखीच्या पत्त्यावरून करा. नव्यावरून आधी कर्मचाऱ्यांचा रोजचा पत्रव्यवहार सुरू होऊ द्या, मग हळूहळू बाकीचं.

अदलाबदलीच्या दिवशी मेलबॉक्स नव्या डोमेनच्या नावाने करायचे, म्हणजे डेटाबेसमधली नोंद बदलायची आणि फोल्डरचं नाव बदलायचं. फाइली त्याच राहतात, म्हणून क्रमांकही तेच. लॉगिन जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पत्त्यांनी चालेल अशी क्वेरी लिहा. जुनं डोमेन आता 'व्हर्च्युअल अलियास डोमेन' होतं, म्हणजे स्वतःचे मेलबॉक्स नसलेलं, फक्त मेल पुढे वळवणारं. तेच डोमेन मेलबॉक्सच्या यादीतही राहिलं तर पोस्टफिक्स गोंधळतो. जुन्या पत्त्यांसाठी 'सगळं जुनं ते सगळं नवं' अशी एकच ओळ लिहिण्याचा मोह होईल. लिहू नका. तसं केलं की जुन्या डोमेनवरचा कुठलाही बनावट पत्ता स्वीकारला जातो आणि मग आपलाच सर्व्हर तिऱ्हाइतांना नकाराची पत्रं पाठवत बसतो. ४६ पत्त्यांच्या ४६ ओळी लिहा, स्क्रिप्टने मिनिटभराचं काम आहे.

सीव्हच्या फायली उघडून पाहा. 'प्रति'मध्ये जुना पत्ता असेल तर अमुक फोल्डरमध्ये टाक, असे नियम मुकाट्याने बंद पडतात. रजेवरचं आपोआप उत्तरही जुन्या पत्त्यावर आलेल्या मेलला जात नाही, कारण तो पत्ता आपला आहे हे त्याला माहीत नसतं. व्हेकेशनच्या नियमात जुना पत्ता मुद्दाम लिहावा लागतो.

बाहेरची वही

तांत्रिक काम इथे संपतं आणि कंटाळवाणं सुरू होतं. जीएसटी, आयकर, ईपीएफओ, वीजबिल, विमा, सॉफ्टवेअरचे परवाने, जिथे जिथे जुना पत्ता नोंदवला आहे तिथे तो बदलायचा. यादी माणसांना विचारून बनवू नका. जुन्या पत्त्यावर कोणाकडून मेल येते ते लॉगमधून दर आठवड्याला काढा आणि एकेक खोडत जा. सगळ्यात आधी डोमेन जिथून घेतलं त्या खात्याचा पत्ता पाहा. तो त्याच डोमेनवर असेल तर डोमेन बंद पडलं की ते सुरू करायला लागणारा ओटीपी त्याच बंद मेलबॉक्सवर जातो. तो पत्ता वेगळ्या ठिकाणचाच हवा.

जुनं डोमेन सोडून देऊ नका. दुसऱ्या कोणी ते घेतलं तर तुमच्या जुन्या पत्त्यांवर येणारी प्रत्येक 'पासवर्ड बदला'ची लिंक त्याच्या हातात जाते. त्यावरून पाठवणं पूर्ण थांबलं की त्याचा एसपीएफ 'कोणीच नाही' असा करा आणि डीमार्क 'रिजेक्ट', पण एमएक्स चालू ठेवा. नूतनीकरण एकदम पाच वर्षांचं करून पावती लेखा विभागाच्या फाइलला लावली. जुन्या सर्व्हरची डिस्क सील करून तिजोरीत आहे. जुन्या डोमेनवर गेल्या महिन्यात कोणाकोणाच्या मेल आल्या ती यादी दर एक तारखेला माझ्याकडे येते. परवाच्या यादीत सात नावं होती, त्यातलं एक लिफ्टच्या देखभालीचं बिल पाठवणाऱ्याचं. त्याला फोन करायचा आहे.